पेट स्कॅन झालाय ना, मग आता सुई कशाला?

सांगली जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं देते:

"मॅडम, बाबा ६७ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर रांजणवाडी व्हायची. दोनदा डोळ्याच्या डॉक्टरांनी साफ केली, तिसऱ्यांदा आली तेव्हा तुकडा तपासायला पाठवला तर सिबेशियस ग्लँड कार्सिनोमा (तेलाच्या ग्रंथींचा कॅन्सर) निघाला. मागच्या वर्षी ऑपरेशन करून सगळं काढलं, बाबांना ते माहीत आहे. आता दोन महिन्यांपासून त्याच बाजूला कानाच्या पुढे गाठ लागतेय, दुखत नाही. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी लगेच सुईने तपासू म्हटलं पण आत्या म्हणाली सुई लावली की कॅन्सर भडकतो, म्हणून घरी आलो. भाऊ बहारीनला असतो, त्याने पैसे पाठवले आणि डायरेक्ट पेट स्कॅन करा म्हणाला. त्यात उजव्या पॅरोटिडमध्ये (कानापुढच्या लाळग्रंथीत) १८ बाय १४ मिमीची एफडीजी ॲव्हिड (स्कॅनमध्ये चमकणारी) गाठ, एसयूव्ही मॅक्स ९.२, मेटास्टॅसिसचा (कॅन्सर पसरल्याचा) संशय असं आलंय. मानेत काही नाही, पण छातीत मधोमध दोन्ही बाजूंना छोट्या गाठी थोड्या चमकल्यात आणि फुप्फुसात जुना डाग आहे. बाबांना तरुणपणी टीबी झाला होता, बिडी कायम असायची, डायबेटिस आहे. आता सर्जन म्हणतात एमआरआय करा आणि सुईची तपासणीही करा. भाऊ म्हणतो सगळ्यात मोठी टेस्ट झालीय, हे पैसे काढायचे धंदे आहेत, सरळ ऑपरेशन करून टाका. बाबांना सांगितलंय की दाढेमुळे सूज आहे. काय करू?"

ताई, आधी उत्तर देते, कारणं नंतर. सुई करून घ्या. एमआरआय पण करा. दोन्ही मिळून आठवड्याभरात उरकतं, त्यामुळे यात उशीर होईल ही काळजी नको, उशीर व्हायचा तो घरातल्या चर्चेत झालाच आहे. मी बाबांना बघितलेलं नाही, फिल्मही बघितलेल्या नाहीत, तुमच्या सर्जननी दोन्ही बघितलंय आणि ते जे मागतायत ते अगदी रीतसर आहे. धंदा वगैरे काही नाही.

आता डोळ्याचं दुखणं लाळेच्या ग्रंथीत गेलं कसं, हा प्रश्न तुमच्या पत्रात तीन ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत आलाय, तर तिथूनच सुरू करू. लहानपणी गालगुंड झालं की कानाखाली जे टम्म फुगतं ना, ती पॅरोटिड, आपली सगळ्यात मोठी लाळग्रंथी. आईच्या पोटात बाळाचे अवयव बनत असतात तेव्हा या ग्रंथीभोवतीचं आवरण फार उशिरा तयार होतं, तोवर आजूबाजूला लसिका ग्रंथी, म्हणजे आपण ज्यांना लिम्फ नोड म्हणतो त्या, तयार झालेल्या असतात आणि त्यातल्या काही आवरणाच्या आतच अडकून राहतात. जबड्याखालच्या लाळग्रंथीचं आवरण लवकर बनतं म्हणून तिच्या पोटात नोड नसतात, शेजारी असतात. पॅरोटिडमध्ये मात्र नोड असणं अगदी नॉर्मल आहे, तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. आणि डोक्याची कातडी, कपाळ, कानशील, कान, वरची पापणी या सगळ्या भागातून निघालेल्या लसिकेचा पहिला थांबा म्हणजे कानापुढचे आणि पॅरोटिडमधले हे नोड, बाबांच्याच भाषेत सांगायचं तर गाडी तिथे थांबल्याशिवाय पुढे मानेकडे जात नाही. म्हणून पापणीतल्या कॅन्सरच्या पेशी सुटल्याच तर पहिल्यांदा तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

यातून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नातेवाईकांच्या ग्रुपवर "आता लाळेचा पण कॅन्सर झाला" असं फिरायला लागलं असेल. लाळग्रंथीचा स्वतःचा कॅन्सर वेगळा आणि लाळग्रंथीत राहणाऱ्या नोडमध्ये दुसरीकडून आलेला कॅन्सर वेगळा. ऑस्ट्रेलियात उन्हामुळे कातडीचे कॅन्सर भरपूर, तिथे पॅरोटिडमध्ये सापडणारा सगळ्यात कॉमन कॅन्सर हा पॅरोटिडचा नसतोच, डोक्याच्या नाहीतर चेहऱ्याच्या कातडीवरून आलेला असतो. आपल्याकडे कातडीचे कॅन्सर त्या मानाने कमी, पण पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींचा हा सिबेशियस कॅन्सर भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच जास्त दिसतो, आणि तो रांजणवाडीचं सोंग घेऊन येतो हे डोळ्याच्या डॉक्टरांना पाठ असतं. (वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: चाळिशी उलटलेल्या माणसाला त्याच जागी पुन्हा पुन्हा रांजणवाडी येत असेल, किंवा तेवढ्याच भागातल्या पापण्यांचे केस गळत असतील, तर काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. फेकू देऊ नका.)

आता पेट स्कॅन. भावाचं म्हणणं पटण्यासारखं आहे, एवढी महाग टेस्ट, अख्खं शरीर बघते, रिपोर्टमध्ये मेटास्टॅसिस लिहिलंय, अजून काय पाहिजे? पण पेट बघतं काय ते बघा. शिरेतून एफडीजी देतात, म्हणजे किंचित रेडिओॲक्टिव्ह केलेली साखर, आणि तासाभराने मशीन बघतं की कुठल्या भागाने ती जास्त ओढून घेतली. कॅन्सरच्या पेशी साखर खातात म्हणून चमकतात. पण साखर खाणारं ते सगळं कॅन्सर असं नाही ना! टीबीची गाठ चमकते, जंतुसंसर्गाची चमकते, लाळग्रंथी स्वतःसुद्धा थोडी चमकते. आणि पॅरोटिडमध्ये तर एक खास भामटा आहे, त्याचं नाव वॉर्थिन ट्यूमर. कॅन्सर नाही, साधी गाठ आहे, पण पेटमध्ये अशी लखलखते की भलेभले फसतात. आणि ती होते कोणाला, तर जास्त करून पन्नाशी साठीच्या पुढे, विडी सिगरेट ओढणाऱ्यांना. तुमच्या बाबांचं वर्णन वाचलंत ना? गंमत म्हणजे ही गाठही पॅरोटिडच्या पोटात अडकलेल्या त्या नोडमधूनच निघते असं मानतात, नोड बनताना त्यात लाळेच्या नळीचे थोडे कण राहून जातात, त्यातून.

मग ते ९.२? एसयूव्ही म्हणजे दिलेल्या डोसच्या आणि वजनाच्या हिशोबात त्या जागी किती साखर जमली त्याचा आकडा, बास. तो त्या दिवशीच्या ब्लड शुगरवर हलतो, इंजेक्शननंतर किती वेळाने फोटो काढला त्यावर हलतो, मशीन बदललं तरी हलतो. पॅरोटिडमध्ये तर "अमुक आकड्याच्या वर म्हणजे कॅन्सर" अशी रेघच मारता येत नाही, वॉर्थिनही वर जातो आणि कॅन्सरही. त्यामुळे रात्री बसून ९.२ गुगल करणं बंद करा प्लीज. भावाला पण सांगा.

छातीतल्या गाठी वाचून तुम्ही सगळे हादरलात हे कळतंय, पण मला पत्रात तिथे थोडा दिलासाच दिसला. मानेत काहीच नाही, छातीत दोन्ही बाजूंना सारख्या आणि मंद चमकणाऱ्या छोट्या गाठी, फुप्फुसात जुना डाग, आणि तरुणपणचा टीबी, हे चित्र आपल्या देशात पेट वाचणारे रोज बघतात आणि बहुतेक वेळा ते जुन्या टीबीचं किंवा धुराधुळीचं असतं. बहुतेक वेळा म्हणतेय, नेहमी नाही. तुमच्या डॉक्टरांना शंका वाटली तर श्वासनलिकेतून दुर्बीण घालून त्या नोडमधूनही सुईने नमुना घेता येतो, किंवा काही आठवड्यांनी छातीचा सीटी परत करून बघतात. पण नुसत्या रिपोर्टवरून "छातीत पसरला" असं ठरवून रडत बसायची वेळ अजून आलेली नाही.

म्हणजे पेट वाया गेला का? अजिबात नाही. कानापुढची गाठ कॅन्सरची निघालीच तर लिव्हर, हाडं, मान यांत काही नाहीये हे ऑपरेशनच्या आधी कळणं फार मोलाचं आहे. फक्त तो जरा आधी झाला, क्रम उलटला एवढंच. पेट सांगतो कुठे बघायचं. ते काय आहे, हे सांगायचं काम त्याचं नाही.

ते सांगते सुई. आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत ती सांगेल त्यावर पुढचं सगळंच ठरणार आहे, म्हणून मी एवढी मागे लागलेय. समजा त्या गाठीत पापणीचाच कॅन्सर निघाला, तर पॅरोटिडचं ऑपरेशन, बरोबर मानेतले नोड काढणं, आणि पुढे बहुतेक रेडिएशन. समजा वॉर्थिन निघाला, तर छोटं ऑपरेशन किंवा नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. आणि टीबी निघाला तर ऑपरेशन नाहीच, सहा महिने गोळ्या. तीन वेगळे रस्ते, आणि भाऊ म्हणतो तसं "सरळ ऑपरेशन" केलं तर यातल्या कुठल्या रस्त्यासाठी करायचं? कमी कापलं तर परत कापावं लागेल, जास्त कापलं तर साध्या गाठीसाठी चेहऱ्याची नस धोक्यात घातली. कॅन्सरच्या स्टेजिंगचं, म्हणजे तो किती पसरलाय हे ठरवायचं, जे एजेसीसीचं पुस्तक जगभर वापरतात ना, त्याच्या आठव्या आवृत्तीत पापणीच्या कॅन्सरसाठी एका बाजूचा एकच छोटा नोड नुसत्या तपासणीवरून किंवा स्कॅनवरून धरला असेल तर त्याला एन१ए म्हणतात आणि बायोप्सीने सिद्ध झाला असेल तर एन१बी. स्कॅनवर दिसलेलं आणि सुईने सिद्ध झालेलं एकच धरू नये, म्हणून खाती मुळातच वेगळी ठेवलीत.

आत्याच्या भीतीबद्दल. त्यांच्यावर चिडू नका, ही भीती हवेतून आलेली नाही. पूर्वी अशा गाठीला कुठेही चिरा देऊन अर्धवट तुकडा काढायचे, मग ती जखम भरायची नाही, गाठ कातडीतून बाहेर यायची, आणि घरातली माणसं म्हणायची हात लावला आणि भडकला. पॅरोटिडवर तसा उघडा चिरा आजही टाळतात, कारण आवरण फुटतं आणि आत चेहऱ्याची नस असते. पण एफएनएसी, म्हणजे ही बारीक सुईची तपासणी, तशी नव्हे. ती सुई साधारण २३ ते २५ गेजची असते, आकडा जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, रक्त काढायला वापरतात त्यापेक्षाही बारीक. एवढ्या बारीक सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडून वाढल्याची उदाहरणं अगदी क्वचित, आणि त्या भीतीपोटी सुई टाळली तर नुकसान नक्की होतं. जगभर पॅरोटिडच्या गाठीला पहिली सुई हीच आहे.

होतं कसं ते सांगते म्हणजे आत्यांना सांगता येईल. बाबांना आडवं झोपवून मान डावीकडे वळवतात, कानापुढे थंडगार जेल, त्यावर सोनोग्राफीचा चपटा प्रोब. स्क्रीनवर पॅरोटिड बारीक रव्यासारखी एकसारखी करडी दिसते आणि त्यात गाठ काळपट. चांगला नोड घेवड्याच्या दाण्यासारखा लांबट असतो आणि मधे चरबीची पांढरी रेघ असते, रक्त तिथूनच आत शिरतं. बिघडलेला नोड गोल होतो, मधली पांढरी रेघ पुसली जाते, आणि रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावला की रक्ताचे लाल निळे ठिपके मधून यायच्या ऐवजी कडेकडेने दिसतात. कधी आत पाणी झालेलं असतं. डॉक्टर सुईचं टोक स्क्रीनवर बघत बघत गाठीच्या जिवंत भागात नेतात, पाणी झालेल्या भागात नाही, दोन चार वेळा हलकेच मागेपुढे करतात आणि बाहेर. सुईत आलेला थेंब काचपट्टीवर टाकून दुसऱ्या पट्टीने झर्रकन पसरवतात, काही पट्ट्या लगेच स्पिरिटच्या बाटलीत, काही हवेत वाळवायला. संपलं. दहा पंधरा मिनिटं कापूस दाबून बसायचं आणि चहा प्यायला जायचं. सोनोग्राफी न लावता नुसतं हाताने चाचपून सुई घालणारेही आहेत, पण एवढ्या छोट्या गाठीला सोनोग्राफीखालीच करा असं स्पष्ट सांगा, नाहीतर शेजारच्या नॉर्मल ग्रंथीतला माल येतो आणि रिपोर्ट येतो "नॉर्मल लाळग्रंथी", आणि घरचे पेढे वाटतात.

दोन गोष्टी त्या दिवशी मुद्दाम बोला. एक, बाबांना टीबी झाला होता हे सांगा, म्हणजे पू किंवा चीज सारखं काही आलं तर त्यातलं थोडं टीबीच्या जीनएक्सपर्ट तपासणीला जाईल, नाहीतर सगळं काचेवर संपतं. दोन, पापणीच्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट बरोबर न्या. सिबेशियस कॅन्सरच्या पेशी तेलाच्या थेंबांनी फेसाळलेल्या दिसतात, पण पॅथॉलॉजिस्टला आधीचं माहीत नसेल तर तो लाळग्रंथीचाच एखादा कॅन्सर समजू शकतो, आणि माहीत असेल तर जुन्या स्लाइड शेजारी ठेवून बघतो. रिपोर्ट हल्ली बरेच जण मिलान पद्धतीने देतात, २०१८ मध्ये आलेली पद्धत आहे, त्यात एक ते सहा असे गट असतात. सहा म्हणजे कॅन्सर, पाच म्हणजे दाट संशय, चारमध्ये ए म्हणजे साधी गाठ, वॉर्थिन तिथे बसतो, दोन म्हणजे ट्यूमरच नाही, सूज किंवा संसर्ग. आणि एक म्हणजे नमुना पुरेसा नाही. एक आला तर त्याचा अर्थ "काही निघालं नाही" असा लावायचा नाही हं! परत करायची, किंवा थोड्या जाड सुईने कोअर बायोप्सी. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर आधी सांगा पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता एमआरआय. हा मात्र वेगळ्याच प्रश्नासाठी आहे. पॅरोटिडच्या मधोमध चेहरा हलवणारी नस जाते, फेशियल नर्व्ह, आत शिरून तिच्या फांद्या होतात, डोळा मिटायची वेगळी, ओठ हलवायची वेगळी. सर्जनला कापायच्या आधी जाणायचं असतं की गाठ नसेच्या वर आहे, खाली आहे, की नसेला धरून बसलीय. सोनोग्राफीत वरचा भाग सुंदर दिसतो, पण जबड्याच्या हाडामागचा खोल भाग दिसतच नाही, हाडाच्या पलीकडे तिचा आवाज जात नाही. पेटबरोबर जो सीटी होतो तो बहुतेक ठिकाणी साधा असतो, कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे चित्र उठावदार करणारं औषध शिरेतून न देता, त्यात पण हे बारकावे कळत नाहीत. एमआरआयला इथे निसर्गाची मदत असते. वय वाढतं तशी पॅरोटिडमध्ये चरबी वाढते आणि टी१ नावाच्या चित्रांत चरबी पांढरी दिसते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या पांढऱ्या पॅरोटिडमध्ये काळी गाठ कडांसकट स्वच्छ उठून दिसते, तेही कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधीच.

आणि एक जागा आहे जिथे आम्ही रिपोर्ट लिहिणारे सगळ्यात जास्त वेळ घालवतो. कानामागच्या हाडाला तळाशी एक बारीक भोक असतं, फेशियल नर्व्ह कवटीतून तिथून बाहेर पडते. त्या भोकाच्या तोंडाशी चरबीचा छोटासा पांढरा ठिपका असतो. तो पांढरा राहिलाय का, उजवी डावी सारखी आहे का, हे बघायचं. तो काळवंडला असेल आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर नस जाड होऊन उजळत असेल तर कॅन्सर नसेच्या आवरणातून वर सरकतोय अशी शंका येते, आणि मग ऑपरेशनचा आणि रेडिएशनचा आराखडाच बदलतो. पॅरोटिडमधून दुसरी एक वाट जबड्याच्या नसेकडे आणि तिथून कवटीच्या तळाकडे जाते, तीही बघतात. हे पेटमध्ये सहज निसटतं, कारण नस बारीक आणि शेजारी मेंदू, तो दिवसरात्र साखर खातो, त्याच्या उजेडात हे दिसणार कसं. एमआरआयच्या फॉर्मवर सर्जनना "पॅरोटिड, कॉन्ट्रास्टसह, नसेवाटे प्रसार आहे का" असं लिहायला सांगा, नाहीतर सेंटरवर नुसता "नेक" चा साधा एमआरआय होऊन जातो आणि हेच राहून जातं.

तोवर घरी एक करा. बाबांना आरशासमोर दोन्ही डोळे घट्ट मिटायला सांगा, गाल फुगवायला सांगा, दात दाखवायला सांगा. उजवी बाजू मागे पडतेय का? त्या गालावर मुंग्या आल्यासारखं, किडा चालल्यासारखं, बधिर असं काही वाटतं का ते विचारा. असेल तर आजच सर्जनना फोन करा, एमआरआयच्या दिवसाची वाट बघू नका.

मात्र एमआरआयवर पण सगळं सोडू नका, वॉर्थिन तिथेही कॅन्सरसारखं वागून दाखवतो, डिफ्यूजन नावाच्या एमआरआयच्या चित्रात दोघेही सारखेच दिसू शकतात. म्हणून सुई एमआरआयच्या आधी की नंतर यावर डॉक्टरांत मतभेद असतात (नंतर बरी असं मी म्हणेन, सुईने आत थोडं रक्त साकळलं तर चित्र गढूळ होतं) पण सुई की एमआरआय असा प्रश्नच नाहीये.

तयारीचं पटकन सांगते. डायबेटिस आहे म्हणजे कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या. एमआरआयला मेटफॉर्मिन सहसा आड येत नाही, ते सीटीच्या कॉन्ट्रास्टचं आणि किडनी खराब असेल तेव्हाचं प्रकरण, तरी सेंटरवर गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. कवळी काढून ठेवायची. पेसमेकर, कानातलं मशीन, डोक्यात क्लिप, अंगात कुठे लोखंडाचा कण गेलेला, हे आधी सांगायचं. अर्धा पाऊण तास आत पडून राहावं लागतं, खडखडाट खूप होतो, गिळलं की चित्र हलतं, हे त्यांना आधी सांगून ठेवा. यात रेडिएशन नाही.

पैशाचं बोलायलाच पाहिजे. भावाने एकदा पेटला दिलेत, दर वेळी तो देईल असं नाही आणि त्याने द्यावेत असंही नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जे हॉस्पिटल आहे तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला आधी भेटा, ऑपरेशन आणि रेडिएशन योजनेत बसवायचं असेल तर मंजुरी आधी लागते, आधी खर्च करून मग बिल दाखवून चालत नाही. तपासण्यांपैकी काय धरलं जाईल तेही त्यालाच विचारा. मुंबईला टाटाला दाखवायचा विचार असेल तर जरूर दाखवा, परळला गर्दी असते पण एकाच टेबलावर सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिएशनवाले बसून केस बघतात, याला ट्यूमर बोर्ड म्हणतात, आणि ही सोय आता बाकी मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांतही असते. तुमच्या सर्जनना सरळ विचारा, बाबांची केस बोर्डावर ठेवाल का. चांगला सर्जन यात कमीपणा मानत नाही.

भावाला काय सांगायचं? त्याला वाईट वाटू देऊ नका. लांब असलेल्या मुलाला पैसे पाठवण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही आणि मग तो सगळ्यात महाग गोष्ट निवडतो, हे मी फार घरांत बघितलंय. त्याला एक काम द्या. पेटची सीडी असते ना, ती कॉपी करून सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फोल्डरमध्ये लावायला सांगा, बहारीनहून हे मस्त होतं. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तेच लागणार आहे, आणि फोनवर काढलेला फिल्मचा फोटो कुणाच्याच कामाचा नसतो.

राहिले बाबा. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गच्च भरलेल्या गाडीत विनातिकीट प्रवासी चेहऱ्यावरून ओळखले त्याला तुम्ही दाढेची सूज म्हणून पेट स्कॅनला पुण्याला नेलंत आणि तुम्हाला वाटतंय त्यांना कळलं नाही? दाढेसाठी कोणी अख्खं शरीर स्कॅन करत नाही हे त्यांना ठाऊक आहे. ते बोलत नाहीयेत कारण तुम्ही बोलत नाही आहात. आणि समजा खरंच कळलं नसेल, तर एमआरआयच्या काउंटरवरची पोरगी फॉर्म भरताना खणखणीत आवाजात विचारणार आहे, "काका, कॅन्सर कधी निघाला होता?" त्यापेक्षा घरी तुमच्याकडून कळू दे. शिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांनीच करायची आहे, चेहऱ्याची एक बाजू काही काळ किंवा कायमची ढिली पडू शकते हा धोका त्यांचा आहे, तो मान्य आहे की नाही हे तुम्ही किंवा भाऊ ठरवू शकत नाही.

सांगताना सगळं एकदम ओतू नका. आज जेवढं खरं आहे तेवढंच सांगा: बाबा, डोळ्याच्या बाजूचीच गाठ आहे, तीच असेल किंवा दुसरं काही, टीबीचं किंवा बिडीचं पण असू शकतं, म्हणून सुईने बघतायत, आणि कळलं की तुम्हाला सांगू. यात खोटं एक अक्षर नाही आणि घाबरवणारंही फार नाही. आत्या समोर असतील तेव्हाच सांगा, म्हणजे सुईचा विषयही त्याच बैठकीत निघेल आणि बाबाच काय ते बोलतील. माझा अंदाज, ते सुईला हो म्हणतील.

आणि उद्याच एक काम. पापणीचं ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबला फोन करून बाबांचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागा. पेशंटला मागायचा हक्क आहे, अर्ज आणि ओळखपत्र लागतं, कधी कधी शोधायला दोन चार दिवस लावतात म्हणून आधीच लागा. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वितळतो. मिळाले की पावतीवर नंबर तपासून घ्या, रिपोर्टवरचा आणि ब्लॉकवरचा एकच पाहिजे.